हिशेब मिटल्यावरची आखाजी : खान्देशातील हसण्या-खेळण्याचा एक जुना रिवाज

वैशाख शुद्ध तृतीया, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत तो पूजेचा, दानाचा आणि अलीकडे सोनेखरेदीचा दिवस आहे. खान्देशात त्याला आखाजी म्हणतात आणि त्याचा थाट दिवाळीच्या बरोबरीचा असतो. सासरी नांदणाऱ्या लेकी माहेरी येतात, लिंबाच्या फांद्यांना झोके चढतात, बाया नदीकाठी गाण्यांतून एकमेकींचा उद्धार करतात, पुरुष भर ओट्यावर पत्ते कुटतात आणि घराघरांतून खापरावरच्या पुरणपोळीचा वास येतो. याच दिवशी शेतगड्याचे वर्ष संपते, मालकाशी हिशेब होतो आणि पितरांची घागरही भरली जाते. पैशाचा व्यवहार, गेलेल्यांची आठवण आणि मोकळे हसणे या तिन्ही गोष्टी एका दिवसात अशा शेजारी-शेजारी नांदतात, त्यामागे खान्देशच्या शेतीचे वर्ष आहे.

प्रदेश आणि शेतीचे वर्ष

उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी, असा हा पट्टा. गिरणा, वाघूर, बोरी, पांझरा, बुराई, अनेर या नद्या तापीला मिळतात आणि गावे बहुतेक त्यांच्याच काठी वसलेली आहेत. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर खान्देश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्याकडे कारभार आला आणि धुळे हे मुख्य ठाणे झाले. १९०६ मध्ये जिल्ह्याचे दोन भाग झाले : पूर्व खान्देशाचे ठाणे जळगाव, पश्चिम खान्देशाचे धुळे. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर हेच भाग जळगाव आणि धुळे जिल्हे म्हणून ओळखले जाऊ लागले आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. जिल्ह्यांच्या सीमा बदलत गेल्या, पण अहिराणी बोलणारा गिरणा-पांझरेचा भाग असो की तावडी आणि लेवा बोलीचा जळगाव-भुसावळ-यावल पट्टा असो, आखाजीचा रिवाज सगळीकडे साधारण एकाच चालीचा राहिला.

काळ्या जमिनीचा हा मुलूख कापसाचा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि खान्देशच्या कापसाला एकाएकी भाव चढला. त्याच सुमारास रेल्वे आली, भुसावळ हे मोठे जंक्शन झाले आणि जळगाव, धुळे, अमळनेर येथील बाजार वाढले. शेतकऱ्याच्या हातात रोख पैसा खेळू लागला आणि त्याबरोबर भावाची धास्ती आणि सावकाराचे व्याजही घरात आले. युद्ध संपताच भाव कोसळले. पुढे १८७६–७८ चा दुष्काळ, मग प्लेग, मग १८९९–१९०० चा ‘छप्पनचा’ दुष्काळ. अशा प्रदेशात काळजी ही बारमाही गोष्ट होती.

तरीही शेतीच्या वर्षात एक फट पडते. खरिपाचा कापूस माघ-फाल्गुनापर्यंत वेचून होतो. दादर (रब्बी ज्वारी), गहू, हरभरा फाल्गुन-चैत्रात घरात येतो. वैशाखात शेते रिकामी असतात, खळी उठलेली असतात, आणि मृगाच्या पावसाला महिनाभर अवकाश असतो. पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, त्यामुळे दुपारी रानात कामही होत नाही. मागचे पीक हाती आलेले, पुढच्या बियाण्याचे कर्ज अजून काढायचे, अशा नेमक्या मधल्या दिवसांत आखाजी येते. काळजी बाजूला ठेवून हसण्यासाठी याहून सोयीची वेळ या शेतीत दुसरी सापडत नाही.

सालदाराचे साल

सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर एका शेतकऱ्याकडे राहिलेला गडी. खान्देशात त्याचे साल आखाजी ते आखाजी धरतात. मोबदला रोख ठरतो. पूर्वी त्यात धान्य, कपड्यांचा जोड, पायताण, घोंगडी अशा गोष्टीही असत. गड्याने वर्षभरात घेतलेली उचल आणि पाडलेले खाडे वजा करून बाकी काढायची, ही हिशेबाची रीत. लग्न, आजारपण, पावसाळ्यातली टंचाई अशा कारणांनी उचल वाढत जाई. ती फिटली नाही तर पुढचे सालही त्याच घरी काढावे लागे. त्यामुळे सालदाराच्या दृष्टीने आखाजी हा आनंदाचा तसाच पोटात गोळा आणणारा दिवस होता.

हिशेब ओट्यावर बसून, चार माणसांच्या समक्ष होई. गडी लिहिता-वाचता नसे. खाडे किती झाले यावर मालकाची वही आणि गड्याची आठवण यांची जुंपे. तोड निघाली की जुने साल मिटले. नवे साल त्याच घरी काढायचे की दुसरीकडे, रक्कम किती, उचल किती, याची बोलणी त्यानंतर. पण आखाजीचा दिवस कामाचा नसे. त्या दिवशी औत नाही, मोट नाही, बैलांनाही विसावा. जुन्या सालातून सुटलेला आणि नव्यात न शिरलेला गडी त्या एका दिवसापुरता कुणाच्या हुकमाचा नसे. वर्षभर ज्याला ‘ए गड्या’ म्हणून हाक पडे, तो आखाजीला झाडाखाली मालकाच्या मुलासमोर बसून पत्ते पिसत असे.

घागर, आगारी आणि ढेकळे

सकाळ पितरांची असते. कुंभाराकडून नवी मातीची घागर आणून ती पाण्याने भरतात आणि तिची पूजा करतात. वर खरबूज (इकडे त्याला डांगर म्हणतात), आंबा आणि सांजोऱ्या ठेवतात. भर उन्हाळ्यात गेलेल्या माणसाला गार पाणी मिळावे, हा त्यामागचा भाव. स्वयंपाक झाला की गोवरीच्या निखाऱ्यावर तूप आणि घास सोडून पितरांच्या नावाने ‘आगारी’ टाकतात. घरातील वडीलधारी व्यक्ती एकेकाचे नाव घेऊन आगारी टाकते. ज्या वर्षी घरात कुणी गेले असेल त्या वर्षीच्या घागरीला विशेष महत्त्व असते आणि नातलगही त्यासाठी येतात.

जेवणाचा बेत ठरलेला : खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. खापर म्हणजे चुलीवर पालथे घातलेले मातीचे मोठे भांडे. सैल मळलेल्या कणकेत पुरण भरून ती दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत मोठी करायची आणि अलगद खापरावर सोडायची. हे काम एकटीने होत नाही. एक उंडे भरते, एक पोळी हातावर वाढवते, एक खापराजवळ बसून काढते. हातावर फाटलेली पोळी ही त्या दिवशीची पहिली थट्टा असते आणि ती नव्या सुनेच्या किंवा बऱ्याच दिवसांनी माहेरी आलेल्या लेकीच्या वाट्याला येते.

पुढच्या पावसाचा विचारही याच घागरीशी उरकला जातो. पुष्कळ ठिकाणी घागरीखाली मातीची चार ढेकळे मांडून त्यांना पावसाळ्याच्या चार महिन्यांची नावे देतात. नव्या घागरीतून पाझरलेले पाणी ज्या ढेकळाला जास्त भिजवील, त्या महिन्यात पाऊस चांगला, असा होरा. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला होणारी घटमांडणी याच वळणाची आहे; तिथे सायंकाळी मांडणी करून दुसऱ्या दिवशी पहाटे पिकापाण्याचे भाकीत सांगतात. अशा होऱ्यांना हवामानशास्त्राचा आधार नाही. पण घरगुती रिवाजात त्यांचे काम वेगळे होते. भविष्याची चिंता चार ढेकळांवर सोपवली की उरलेला दिवस तिच्यावाचून घालवता येई.

गौराई आणि माहेर

स्त्रियांची आखाजी मुहूर्ताच्या बरीच आधी सुरू होते. चैत्रातच मुली गौराई बसवतात. गौराई म्हणजे माहेरी आलेली पार्वती. तिची लाकडाची किंवा मातीची मूर्ती कोनाड्यात मांडतात, शेजारी टोपलीत किंवा मातीच्या भांड्यात गहू पेरतात. उन्हापासून जपलेले ते पिवळसर कोवळे कोंब आखाजीपर्यंत वीतभर वाढतात. रोज संध्याकाळी मुलींचा घोळका गाणी म्हणत नदीवर किंवा विहिरीवर जाऊन गौराईसाठी पाणी आणतो. कुठे एखादी मुलगी धोतर-फेटा बांधून शंकर होते आणि पुरुषी आवाज काढून बाकीच्यांना दटावते.

लग्न झालेल्या मुलीला आणायला माहेरचा मुराळी येतो, बहुधा तो भाऊ असतो. दिवाळीला सासरी कापूस वेचणीचे, पोळ्याला निंदणीचे काम असते. आखाजीला मात्र सासूलाही सून अडवून धरायला कारण उरत नाही. म्हणून खान्देशातील बायकांच्या वर्षात हाच खरा माहेरपणाचा सण ठरला. बालविवाहाच्या काळात, नऊ-दहा वर्षांची मुलगी सासरी नांदत असताना, या माहेरपणाचे मोल केवढे असेल याची कल्पना येते.

झोका हा या माहेरपणाचा मुख्य खेळ. लिंब, चिंच किंवा आंब्याच्या जाड फांदीला मोटेचा किंवा गाडीचा दोर बांधून झोके टांगतात. अंगण नसेल तर घराच्या आढ्याला. दोघी समोरासमोर उभ्या राहून झोका चढवतात आणि बाकीच्या गाणे उचलतात. गाण्यांत मुराळी भाऊ, कैऱ्या, बांगड्या विकणारा कासार, लांबचे सासर आणि तिथली माणसे येतात. काही गाणी डोळ्यांत पाणी आणणारी असतात, पण त्यांच्या पाठोपाठ लगेच चेष्टेचे गाणे येते. सासूचा कडक स्वभाव, सासऱ्याचा चिक्कूपणा, दिराची मिजास, नवऱ्याचे खाणे, नणंदेची चहाडी असे सगळे विषय नाव घेऊन गायले जातात. सासरी ज्याचा उच्चार करायची छाती होत नाही, ते माहेरच्या झोक्यावर चालीत म्हणता येते. ऐकणाऱ्या आईच्या लक्षात लेकीची खरी स्थितीही त्यातूनच येते. म्हणजे ही चेष्टा एका अर्थाने बातमी असे.

जावईही याच दिवसांत सासुरवाडीला येतो. पाहुणचार त्याचा, आणि फजितीही त्याचीच. मेहुण्या त्याला गाण्यांतून कोडी घालतात, ताटातल्या रसावरून आणि पोळीवरून डिवचतात. त्याने रागावायचे नाही, हा संकेत.

नदीकाठची भांडणे

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी गौराईची बोळवण होते. शंकर तिला न्यायला येतो, अशी समजूत. मुली गौराई आणि गव्हाचे कोंब घेऊन वाजतगाजत नदीवर जातात. खान्देशातल्या पुष्कळ नद्या वैशाखात वाळूचे पात्र झालेल्या असतात, मधे कुठे एखादा डोह. पात्राच्या एका काठावर एका गावच्या मुली-बाया, समोरच्या काठावर दुसऱ्या गावच्या. एकच गाव असेल तर दोन गल्ल्या किंवा दोन पेठा. आधी गाण्यांची देवघेव होते, मग गाण्यांतून उणीदुणी, मग उघड शिव्या. समोरच्या गावचे पुरुष किती बावळट, त्यांच्या विहिरीचे पाणी किती खारे, त्यांच्या घरी दिलेली पोर किती उपाशी, असे आरोप होतात. काही गावांत याचा शेवट ढेकळे आणि दगड फेकण्यात होई. जखमा झाल्या तरी त्याचा डूख धरायचा नाही, फिर्याद करायची नाही, असा पूर्वीचा दंडक होता. विसर्जन झाले की भांडण संपले. समोरच्या काठावर उभी असलेली पुष्कळदा आत्याची नाहीतर मावशीची मुलगीच असे, कारण सोयरीक जुळत होती ती याच शेजारच्या गावांत.

अशा ‘परवानगीच्या’ भांडणांवर जगभर लिहिले गेले आहे. मानववंशशास्त्रज्ञ मॅक्स ग्लकमन यांनी आफ्रिकेतील उदाहरणांवरून असे मांडले की, ठरावीक दिवशी मोठ्यांचा उघड पाणउतारा करू देणारे विधी शेवटी जुनी घडीच पक्की करतात. दबलेला राग बाहेर पडतो आणि व्यवस्था तशीच राहते. रशियन अभ्यासक मिखाईल बाख्तिन यांनी फ्रेंच लेखक राबले यांच्यावरील, १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात जत्रांमधील हसण्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले. त्यांच्या मते त्या हसण्यात, काही काळापुरते का होईना, वरचे-खालचे हे भेद नसलेले जग लोक प्रत्यक्ष जगतात. आखाजीला दोन्ही म्हणणी थोडी थोडी लागू पडतात. लेक चार दिवसांनी सासरी जाई आणि तिथला कारभार बदललेला नसे. पण तिचे गाऱ्हाणे शंभर जणींसमोर सुरात मांडले गेलेले असे, आणि ते आपल्या एकटीचे नाही हे तिला कळलेले असे.

पत्त्यांचा डाव

पुरुषांची आखाजी पत्त्यांची. जुन्या काळी कवड्या आणि सोंगट्याही असत, पुढे पत्त्यांनी सगळी जागा घेतली. झन्ना-मन्ना, तीन पत्ती, रमी हे नेहमीचे डाव. पार, ओटा, मळ्यातले झाड, देवळामागची सावली, जिथे जागा मिळेल तिथे डाव पडतो. एरवी जो बाप मुलाला पत्त्यांना हात लावू देत नाही, तोही आखाजीला त्याच्याशेजारी बसतो. सालाचा हिशेब नुकताच झाल्याने खिशात थोडा पैसा असतो, आणि नशीब आजमावून पाहायचे तर ते याच दिवशी, अशी समजूत आहे.

इंग्रज अमलात १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा आला आणि सणाचा खेळही कायद्याच्या कक्षेत आला. तरी आखाजीच्या दिवशी गावपातळीवर बरीच कानाडोळ्याची रीत राहिली. या चालीची दुसरी बाजू लोकांना ठाऊक होती. सालभराची बाकी एका दुपारीत घालवून बसलेला गडी संध्याकाळी नव्या उचलीसाठी मालकाच्या दारात उभा राही. बायकांच्या गाण्यांत पत्ते खेळणाऱ्या नवऱ्याची जी टर उडते, ती काही सगळी गमतीची नाही. आजच्या दिवसात जगण्याची किंमत घरातल्या दुसऱ्या माणसाला मोजावी लागते, हे आखाजीने कधी लपवले नाही.

वर्षातील हसण्याच्या इतर जागा

आखाजी ही अशा दिवसांच्या ओळीतली सर्वांत मोठी, पण एकमेव नव्हे. सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, शिरपूर या तालुक्यांत होळीआधीच्या आठवडी बाजारांना भोंगऱ्या म्हणतात. पावरा आणि भिल्ल समाज तिथे ढोल-बासरीसह नाचतो. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाई बसवतात; तिच्या गाण्यांतही सासरची टिंगल असते आणि खाऊ ओळखण्याचा खेळ असतो. रायरंद, म्हणजे बहुरूपी, खळ्यांच्या दिवसांत गावोगाव फिरत; फौजदाराचे किंवा सावकाराचे सोंग घेऊन खोटी जप्ती आणीत आणि शेवटी पसाभर धान्य घेऊन जात. तमाशाचा हंगाम दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत चाले, म्हणजे आखाजी त्याच्या अगदी अखेरीस येई. भिका-भीमा सांगवीकर, आनंद महाजन जळगावकर अशा फडांची नावे खान्देशात घरोघरी माहीत झाली. गवळणीतल्या मावशीची आणि सोंगाड्याची जुगलबंदी अहिराणीत रंगली की पुढारी आणि पाटील दोघांचीही सुटका नसे.

अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात भरणारी संत सखाराम महाराजांची यात्राही याच दिवसांत असते. तिचा आरंभ अक्षय्य तृतीयेला, रथ एकादशीला आणि पालखी पौर्णिमेला. त्यामुळे माहेरपणाला आलेल्या लेकी बांगड्या, पाळणे आणि गोडीशेव यांसाठी यात्रेत जाऊनच सासरी परतत.

कागदावर उशिरा आलेले हसू

खान्देशाचा लेखी इतिहास जपण्याचे मोठे काम धुळ्यात झाले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच निधन झाले आणि त्यांच्या संग्रहासाठी १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. त्याच शहरात शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी हस्तलिखिते गोळा केली. सनदा, महजर, पोथ्या, पत्रे असे सगळे जमा झाले. आखाजीचे हसू मात्र या कागदांत शोधून मिळत नाही. एक तर ते बायकांचे आणि गड्यांचे, म्हणजे न लिहिणाऱ्यांचे होते. दुसरे म्हणजे ते बोलीत होते. आणि तिसरे, ते दरवर्षी नव्याने जोडले जाई. यंदाच्या शिव्या पुढच्या आखाजीला शिळ्या होत. शिवाय विनोदाला हलके मानण्याची जुनी शिष्ट सवय होतीच. रामदासांनीही विनोदाची आवड टवाळांच्याच पदरी घातली होती.

ही कोंडी फुटायला बहिणाबाई चौधरी कारण झाल्या. त्यांचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या आसोदे येथे झाला. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावला आल्या आणि तिशीतच विधवा झाल्या. त्यांना लिहिता येत नव्हते. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्या गाणी जोडीत. त्यातली काही मुलगा सोपानदेव आणि घरच्या मंडळींनी उतरवून घेतली. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईची गाणी’ हा संग्रह निघाला. त्यात ‘आखजी’ या नावाचे गाणे आहे. माहेरी जमलेल्या लेकींचे खेळ त्यात येतात. दुष्काळ, प्लेग, वैधव्य असे सगळे सोसलेल्या बाईची ही गाणी, पण त्यांतला मिश्कीलपणा कुठे आटत नाही. गावच्या माणसांच्या लकबी, ढोंग, कंजूषपणा यांवर त्या हसतात आणि मनाच्या चंचलपणावरही हसतात. आखाजीच्या झोक्यावर तयार झालेली ही नजर अशा रीतीने मराठी साहित्यात आली. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

त्यानंतर अहिराणीचे अभ्यासक पुढे आले. दा. गो. बोरसे, रमेश सूर्यवंशी, सुधीर देवरे यांच्यासारख्यांनी बोली, म्हणी, लोकगीते आणि रिवाज नोंदवले. १९०७ च्या सुमारास ग्रिअर्सन यांच्या भाषा-पाहणीत खान्देशी ही भिल्ल बोलींच्या खंडात नमुन्यापुरती आली होती. शतक संपेपर्यंत तिचे शब्दकोश आणि गीतसंग्रह तयार झाले.

बदल

गेल्या चार-पाच दशकांत आखाजीचा पाया हलला आहे. विहीर बागायत वाढली, रावेर-यावल भागात केळी बारा महिने उभी राहू लागली आणि वैशाखातली मोकळीक त्या गावांत उरली नाही. ट्रॅक्टर आले तशी बैलजोडी कमी झाली आणि सालदाराची गरजही. जिथे सालदार लागतो तिथे तो मिळत नाही. सालाची रक्कम लाखाच्या घरात बोलली जाते आणि बोलणीत आता गड्याचाच वरचष्मा असतो. पण अजूनही साल धरायचे ते आखाजीपासूनच.

नदीकाठच्या दगडफेकीला बहुतेक ठिकाणी गावकऱ्यांनी आणि पोलिसांनी आळा घातला. गाण्यांतली उणीदुणी काही गावांत टिकून आहेत. रस्ता रुंदीकरणात आणि बांधकामांत जुनी झाडे गेली तशी झोक्यांची जागा लोखंडी चौकटीने घेतली. मुलींची लग्ने उशिरा होतात, त्या शिकतात, नोकरी करतात, रोज फोनवर आईशी बोलतात. एका सणावर माहेरपण टांगलेले नाही. परीक्षा आणि सुट्ट्या यांवर येण्याचे दिवस ठरतात.

दुसरीकडे आखाजी खान्देशाबाहेरही गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी सुरत–भुसावळ रेल्वेमार्ग पूर्ण झाल्यावर खान्देशी माणूस कामासाठी सुरतेला जाऊ लागला आणि कापड धंद्याच्या वाढीबरोबर तिथे लाखोंची वस्ती झाली. उधना, लिंबायत या भागांत आखाजीला घागरी विकायला येतात, आणि त्या आठवड्यात ताप्ती मार्गावरच्या गाड्या भरून वाहतात. पुणे, नाशिक, कल्याण येथील खान्देशी मंडळे सभागृहात झोके बांधून आखाजीचे कार्यक्रम करतात. गाणी तिथे पाठ केलेली असतात, शिव्या वगळलेल्या असतात.

ठरवून हसण्याची दोन वळणे

शहरी महाराष्ट्रानेही हसण्यासाठी वेळ राखून ठेवण्याची रीत काढली. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी मुंबईच्या लोखंडवाला भागातील बागेत पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला. पहिले काही दिवस ते विनोद सांगत. विनोद संपले आणि काही जणांना ते झोंबूही लागले, तेव्हा विनोदाशिवाय, व्यायामासारखे हसण्याची पद्धत निघाली. ती जगभर पसरली. मे महिन्याचा पहिला रविवार जागतिक हास्यदिन म्हणून पाळतात. जळगाव-धुळ्याच्या बागांतूनही सकाळी असे हसू ऐकू येते. पंचांगाच्या फेऱ्यात हा हास्यदिन कधी कधी आखाजीच्या शेजारीच येतो.

दोन्ही रीतींचा हेतू एक आहे : काळजी करणाऱ्या माणसाला थोडा वेळ तिच्यापासून सोडवणे. हास्यक्लबात हसण्याला विषय लागत नाही आणि ते रोज करता येते. आखाजीचे हसू वर्षातून एकदा येते आणि त्याला नेमके विषय असतात : सासू, मालक, शेजारचे गाव, दुर्दैव. झोंबणाऱ्या विनोदाची अडचण आखाजीलाही होतीच. ती तिने दिवस ठरवून, राग न धरण्याचा संकेत पाळून सोडवली. त्या आधी हिशेब मिटलेला असे आणि पितरांना पाणी दिलेले असे. मागचे देणे चुकते आणि पुढचे अजून सुरू नाही, एवढी सोय केल्यावरच खान्देशातील शेतकरी समाजाने आजच्यापुरते जगण्याची मुभा घेतली. सालदारी मोडकळीस आली, नदीकाठची दगडफेक बहुतेक थांबली, तरी घागर, पोळी-रस आणि झोका या तीन गोष्टी जळगाव-धुळ्याच्या खेड्यांत दरवर्षी वैशाख शुद्ध तृतीयेला आजही पाळल्या जातात.